शेततळे आणि भूजल : एका संदेशाबाबत खुलासा

‘प्रत्येक शेतात अस्तराचे शेततळे झाले की गावाच्या विहिरी आपोआप भरतील,’ असा संदेश नाशिक जिल्ह्यातील सिन्नर, येवला, चांदवड भागातील शेतकऱ्यांच्या गटांवर फिरत आहे. तो चुकीचा आहे.

प्लास्टिकचे अस्तर पाणी मुरू नये म्हणूनच घातलेले असते, त्यामुळे अशा तळ्यातून भूजलात भर पडत नाही. पर्जन्यछायेतील या तालुक्यांत ही तळी अनेकदा पावसाच्या वाहत्या पाण्याने नव्हे, तर विहिरी-बोअरचे पाणी उपसून भरली जातात. म्हणजे सर्वांच्या सामाईक साठ्यातले पाणी एका शेतात साठते आणि उन्हाळ्यात त्यातले बरेचसे उडून जाते. 30 मीटर लांब-रुंद भरलेल्या तळ्याची पातळी केवळ 1 मिलिमीटर उतरली, तरी 900 लिटर पाणी गेलेले असते. इथल्या बेसाल्ट खडकात पाणी मुख्यतः भेगांत आणि झिजलेल्या थरांतच साठते, म्हणून शेजारच्या उथळ विहिरीला या उपशाची झळ लवकर बसते, आणि ती विहीर बहुधा लहान शेतकऱ्याची असते, हे मला सर्वांत गंभीर वाटते.

टंचाईत डाळिंब-द्राक्षाच्या बागा अशा तळ्यांनी वाचवल्या आहेत, हे खरेच आहे. मात्र भूजलाच्या पुनर्भरणासाठी डोंगरमाथ्यापासून समतल चर (उताराला आडवे, एकाच पातळीत खोदलेले चर), माती नाला बांध (ओढ्या-नाल्यांवरचे मातीचे बांध) व अस्तराविना पाझर तलाव हवेत, आणि अहिल्यानगर (अहमदनगर) जिल्ह्यातील हिवरे बाजार या गावाप्रमाणे उपलब्ध पाण्याचा ताळेबंद मांडूनच गावाने पिके ठरवायला हवीत.