‘स्टेंट-बायपास सगळं थोतांड’ म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

ठाण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर, तलावपाळीला सकाळी फिरणाऱ्या मंडळींच्या ग्रुपवर आणि आता तर शाळेतल्या पालकांच्या ग्रुपवरही एक लांबलचक मजकूर फिरतोय. त्याचा सारांश असा: अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या संशोधनाने स्टेंट (नसेत बसवायची जाळी) आणि बायपास (दुसरी नस जोडून ब्लॉकला वळसा) यांचा उपयोग शून्य असल्याचं सिद्ध केलंय, नसा साफ करणारी सलाईन किंवा लसूण-आलं-लिंबाचा काढा घेतला की ब्लॉकेज विरघळतात, बायपासच्या नसा दहा वर्षांत बंदच पडतात, करायचंच झालं तर हृदय न थांबवता करून घ्या, मशीनवर घेतलेला माणूस पूर्वीसारखा राहत नाही, आणि लहान मुलांच्या हृदयातलं भोक आपोआप बुजतं, तिथे ऑपरेशन म्हणजे मुलांवर प्रयोग. खाली नेहमीची ओळ आहेच, ‘जास्तीत जास्त लोकांना पाठवा, एखाद्याचा जीव वाचेल’.

मी परफ्युजनिस्ट आहे. ऑपरेशनसाठी हृदय थांबवलं, की तेवढ्यापुरतं हृदय-फुप्फुसाचं काम करणारं हार्ट-लंग मशीन चालवणं हे माझं काम. हा मजकूर नुसत्या थापांचा असता तर मी उत्तर लिहीत बसले नसते. पण त्यातला पहिला मुद्दा एका खऱ्या आणि चांगल्या अभ्यासावर उभा आहे, आणि घोळ तिथेच आहे.

‘संशोधनाने सिद्ध झालं, उपयोग शून्य.’ त्या अभ्यासाचं नाव इस्केमिया. ३७ देशांतले ५,१७९ रुग्ण, त्यात भारतातलेही होते. निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. एका गटाला औषधं दिली आणि अँजिओग्राफी करून गरजेप्रमाणे स्टेंट किंवा बायपास केलं. दुसऱ्या गटाला आधी फक्त औषधं. साधारण सव्वातीन वर्षं पाठपुरावा झाला. मृत्यू पहिल्या गटात १४५, दुसऱ्यात १४४. म्हणजे छातीत कळ येते पण ती स्थिर आहे (ठरावीक श्रमानंतरच येते, वाढत नाही), अशा माणसाने आधी नीट औषधं घेऊन बघायला हरकत नाही. इथवर फॉरवर्ड बरोबर आहे, आणि ‘उद्याच टाकून घ्या, नाहीतर काही खरं नाही’ असं घाबरवणाऱ्यांना हा अभ्यास जरूर दाखवावा.

पण या अभ्यासात कोणाला घेतलंच नव्हतं? नुकताच हार्ट अटॅक येऊन गेलेले. हृदयाचं पंपिंग ३५ टक्क्यांच्या खाली गेलेले. आणि डावीकडच्या मुख्य धमनीत, म्हणजे लेफ्ट मेनमध्ये, मोठा ब्लॉक असलेले. बहुतेकांचं आधी सीटी स्कॅन करून लेफ्ट मेनवाल्यांना बाजूला काढलं होतं, कारण त्यांना नुसत्या औषधांवर ठेवणं धोक्याचं आहे हे आधीपासून ठाऊक होतं. फॉरवर्डमध्ये ही यादी नाही.

वर्तकनगरचे एक काका हा मजकूर वाचून बायपासची तारीख रद्द करून आले होते. ‘अगं, अमेरिकावालेच नको म्हणतायत, मग हे इथले कशाला मागे लागलेत?’ मी त्यांची फाइल मागितली. अँजिओच्या रिपोर्टाच्या तळाशी लहान अक्षरांत होतं, लेफ्ट मेन, शेवटच्या टोकाला ७० टक्के. शिवाय वीस वर्षांचा डायबेटिस. मी त्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हटलं, ‘काका, ही ओळ ज्याच्या रिपोर्टात आहे त्याला त्या अभ्यासाच्या दारातूनच परत पाठवला असता.’ काकू शेजारी बसल्या होत्या. त्यांनी काकांच्या हातून फोन काढून घेतला आणि हॉस्पिटलला स्वतःच लावला.

डायबेटिस मी मुद्दाम सांगितला. फ्रीडम नावाच्या अभ्यासात १,९०० डायबेटिसवाले होते, सगळ्यांच्या एकाहून अधिक नसांत ब्लॉक. अर्ध्यांना स्टेंट, अर्ध्यांना बायपास. २०१२ मध्ये निकाल आले, तेव्हा पाच वर्षांतले मृत्यू स्टेंटच्या गटात १६.३ टक्के आणि बायपासच्या गटात १०.९ टक्के होते. फुकट काहीच मिळत नाही: पक्षाघात बायपासमध्ये जास्त, ५.२ टक्के विरुद्ध २.४. हा आकडाही रुग्णाला सांगितलाच पाहिजे, आणि तो न सांगणारे डॉक्टर आहेत हे मला माहीत आहे. पंपिंग फार कमी असलेल्या १,२१२ जणांचा स्टिच नावाचा अभ्यास दहा वर्षं चालला. नुसत्या औषधांवर ६६.१ टक्के दगावले, औषधांसोबत बायपास झालेल्यांत ५८.९ टक्के. गंमत अशी की पाच वर्षांच्या टप्प्यावर एकूण मृत्यूंमधला फरक ठामपणे सांगण्याइतका नव्हता. सुरुवातीला ऑपरेशनचा धोका असतो, फायदा मागाहून दिसतो. तेव्हा कोणी ‘पाच वर्षांत काही फरक नाही’ म्हणालं, तर पुढच्या पाच वर्षांचं विचारावं.

आणि स्थिर दुखण्यात स्टेंट ‘शून्य’ असतो हेही खरं नाही. २०२३ च्या ऑर्बिटा-२ मध्ये ३०१ रुग्णांना टेबलावर घेतलं, अर्ध्यांना स्टेंट टाकला आणि अर्ध्यांना नुसतं गुंगीत ठेवून बाहेर आणलं. आपल्याला काय झालंय हे रुग्णांना माहीत नव्हतं. स्टेंटवाल्यांची छातीतली कळ खरोखर कमी झाली. त्याने आयुष्य वाढत नसेल, पण ज्याला कोपरीचा पूल चढताना थांबावं लागतं त्याच्यासाठी हे कमी नाही.

‘सलाईनने नसा साफ होतात.’ औषध मिसळलेल्या या सलाईनलाच किलेशन म्हणतात. जाहिरातीत ‘बिनऑपरेशन बायपास’ असं झकास नाव देतात आणि एकामागून एक बाटल्या चढवतात. २०१३ मध्ये एका अभ्यासात डायबेटिसवाल्यांना बऱ्यापैकी फायदा होतोय असं वाटलं, म्हणून तो पुन्हा तपासायचं ठरलं. अटॅक येऊन गेलेले एक हजार डायबेटिसवाले घेतले. २०२४ मध्ये टॅक्ट-२ चा निकाल आला: औषधाच्या सलाईनवर ३५.६ टक्के लोकांना पुढे मृत्यू, अटॅक, पक्षाघात वगैरे काही ना काही झालं, आणि साध्या सलाईनवर ३५.७ टक्के लोकांना. विषय संपला. काढ्यावर तर इतकंही लिहायला नको. ब्लॉकेज नसेच्या भिंतीत मुरलेलं असतं, नस म्हणजे आंबट ओतून साफ होणारा मोरीचा पाइप नव्हे. लसूण भाजीत घाला, छान लागतो. काढ्याच्या भरवशावर कोलेस्टेरॉलची गोळी बंद करू नका, एवढंच.

‘बायपासच्या नसा दहा वर्षांत बंद.’ पायातून काढलेल्या नसांपुरतं यात तथ्य आहे, दहा वर्षांत त्यातल्या जवळपास निम्म्या खराब होतात. पण हृदयाच्या पुढच्या मुख्य धमनीला सहसा छातीच्या आतली धमनी जोडतात, तिला थिएटरमध्ये आम्ही लीमा म्हणतो. ती दहा वर्षांनंतरही दहातल्या नऊ जणांत चालू असते. जीव वाचवण्याचं मुख्य काम तीच करते. ‘मला लीमा लावणार ना?’ हा प्रश्न ऑपरेशनच्या आधी सर्जनला खुशाल विचारावा, त्यात अपमान वाटण्यासारखं काही नाही.

‘हृदय न थांबवता करा.’ मशीन ही माझी रोजीरोटी, तेव्हा माझ्या शब्दावर जाऊ नका, आकडे बघा. भारतासह १९ देशांतल्या ४,७५२ रुग्णांचा कोरोनरी नावाचा अभ्यास झाला. मृत्यू, पक्षाघात, अटॅक, किडनी निकामी होणं, पुन्हा बायपास-स्टेंट लागणं, हे सगळं मिळून पाच वर्षांत चालू हृदयावर २३.१ टक्के, मशीनवर २३.६. फरक नाहीच. अमेरिकेतल्या माजी सैनिकांवरच्या रूबी अभ्यासात तर पाच वर्षांत चालू हृदयावाल्यांचे मृत्यू जास्त निघाले, १५.२ टक्के विरुद्ध ११.९. हृदयातून निघणाऱ्या महाधमनीत चुन्याचे थर साचलेले असतील तर हृदय चालू ठेवून केलेलं बरं, आणि ज्या सर्जनचा त्यात हात बसलाय त्याने ते करावं. बाकी ‘बीटिंग हार्ट’ हे होर्डिंगवर शोभणारे शब्द आहेत.

आता मुलांचा मुद्दा. मला राग आहे तो याचाच, कारण मोठी माणसं स्वतःपुरता निर्णय घेतात, इथे बाळाच्या वतीने वाट बघितली जाते.

‘भोक आपोआप बुजतं.’ कुठलं भोक? खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याच्या स्नायूंच्या भागातली बारीक छिद्रं बऱ्याचदा पहिल्या एक-दोन वर्षांत बुजतात, आणि तिथे ‘थांबा, इको (हृदयाची सोनोग्राफी) करत राहा’ हाच योग्य सल्ला. वरच्या दोन कप्प्यांमधलं मधोमध असलेलं लहान छिद्रही बुजू शकतं. पण पडद्याच्या अगदी खालच्या टोकाचं किंवा मोठ्या शिरेच्या तोंडाशी असलेलं छिद्र बुजत नाही, कितीही वर्षं थांबा. खालच्या कप्प्यांमधलं मोठं छिद्र असेल तर डावीकडचं रक्त जोराने फुप्फुसात जात राहतं. बाळ दूध ओढताना दमतं, कपाळाला घाम येतो, वजन वाढत नाही, सारखा न्यूमोनिया होतो. अशा बाळाचं ऑपरेशन साधारण पहिल्या सहा महिन्यांत, फार तर वर्षाच्या आत व्हायला हवं.

थांबलं तर काय होतं, ते फॉरवर्ड लिहिणाऱ्याने पाहिलेलं दिसत नाही. त्या जोराने फुप्फुसातल्या नसा जाड आणि कडक होत जातात. त्या कडक झाल्या की छिद्रातून जाणारं रक्त कमी होतं, आणि मग काही काळ मूल बरं दिसू लागतं. धाप कमी, वजन थोडं वाढलेलं, आणि डॉक्टरांच्या नळीत ऐकू येणारा आवाजही बारीक झालेला. आजी म्हणते, ‘बघा, बुजलं की नाही!’ आणखी काही वर्षांनी रक्त उलट्या दिशेने वाहू लागतं आणि ओठ-नखं निळी पडतात. याला आयझेनमेंगर म्हणतात. तेव्हा छिद्र बंद करणं हेच जीवघेणं ठरतं आणि सर्जन हात लावत नाही. डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांत ही वेळ आणखी लवकर येते. दोन मोठ्या धमन्यांची अदलाबदल झालेल्या बाळाला तर सहसा पहिल्या काही आठवड्यांचीच मुदत असते.

‘मुलांवर प्रयोग करतात.’ अभ्यास करतात, हो, आणि ते आईवडिलांची लेखी संमती घेऊन. एक उदाहरण देते. बाळांना मशीनवर घेताना सूज कमी व्हावी म्हणून स्टेरॉइड द्यायची पद्धत कित्येक ठिकाणी वर्षानुवर्षं होती, पुराव्याशिवाय. अमेरिकेतल्या स्ट्रेस अभ्यासात बाराशेहून अधिक बाळांवर ते तपासलं. २०२२ मध्ये निष्कर्ष आला की ठोस फायदा नाही, उलट रक्तातली साखर वाढते. त्याच वर्षी मशीनमध्ये नायट्रिक ऑक्साइड वायू सोडण्याचा दोन वर्षांखालच्या १,३७१ मुलांवरचा अभ्यास आला. आमच्या क्षेत्रात त्याच्याकडून मोठी आशा होती, पण व्हेंटिलेटरवरून मूल लवकर सुटतं असं काही दिसलं नाही. तीन किलोच्या बाळाच्या अंगात जेमतेम अडीचशे मिली रक्त असतं. मशीनच्या नळ्या भरायला लागणारं द्रवच कधी त्याच्या बरोबरीचं होतं. त्यात काय घालायचं हे ‘असंच चालत आलंय’ म्हणून ठरावं, की तपासून?

राहिला पैसा. लूट होत नाही असं मी म्हणणार नाही. पण २०१७ मध्ये सरकारने औषधी (औषधाचा लेप असलेल्या) स्टेंटची कमाल किंमत साधारण ३० हजारांवर आणली, आणि महात्मा फुले जन आरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी, बायपास आणि मुलांची ऑपरेशनंही बसतात. अंगणवाडी आणि शाळांत येणारं राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक हृदयाचा आजार असलेली मुलं शोधून पुढे उपचाराला पाठवतं. खारघरच्या श्री सत्य साई संजीवनी रुग्णालयात मुलांच्या हृदयाची ऑपरेशनं मोफत होतात, तिथे बिलाचा काउंटरच नाही.

मुलाचा इको झालेला असेल तर रिपोर्टात छिद्राची नेमकी जागा, मिलिमीटरमधला आकार आणि फुप्फुसातला दाब या तीन गोष्टी लिहिल्यात का, ते आज बघा. नसतील तर परत जाऊन लिहून मागा, आणि पुढचा इको कधी करायचा तेही विचारून या.