न वाकलेला माणूस

आज आमच्या कार्यालयात नेतृत्वगुणांवर व्याख्यान होते. वक्त्यांनी पडद्यावर ट्रॉयच्या युद्धातला ग्रीक वीर अकिलीस शिरस्त्राण घातलेला दाखवला आणि सांगितले की, खरा वीर कोणापुढेही वाकत नाही. टाळ्या पडल्या. मी टाळी वाजवली नाही, पण उठून बोललोही नाही, आणि त्याचाच राग घरी आल्यावर अनावर झाला आहे.

ज्या ‘इलियड’मधून हा अकिलीस उचलला, त्या महाकाव्याचा मूळ ग्रीकमधील पहिला शब्दच ‘क्रोध’ या अर्थाचा आहे. ग्रीकांचा सेनापती अ‍ॅगमेम्नॉन याने त्याच्या वाट्याला आलेल्या ब्रिसेइस या बंदिनीला हिरावून नेल्यावर हा शूर पुरुष लढणे सोडून रुसून बसतो, नवव्या सर्गात ओडिसियस, फिनिक्स आणि एजॅक्स हे सोबती समजूत घालायला येतात तरी बधत नाही, आणि या न वाकण्याची किंमत अखेर त्याचा जिवलग पॅट्रोक्लस प्राण देऊन मोजतो. हा नेतृत्वगुण?

त्या टाळ्यांत मला आमचा ओटा आठवला. बांधाच्या वादावरून बाबा आणि काका अकरा वर्षे बोलत नव्हते. मी सातवीत असताना काका मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन भर दुपारी आले आणि चपला काढून ओट्यापाशी उभे राहिले. बाबांनी तोंडासमोरचे वर्तमानपत्र खाली केले नाही. काकांनी पत्रिका ओट्याच्या कडेला ठेवली आणि वाऱ्याने उडू नये म्हणून तिच्यावर आजीचा अडकित्ता ठेवला. पुढे कित्येक वर्षे भावकीत बाबांचे कौतुक होत राहिले: माणूस वाकला नाही.

वक्त्यांनी शेवटचा, चोविसावा सर्ग वाचला असता तर बरे झाले असते. पॅट्रोक्लसला मारणाऱ्या हेक्टरला अकिलीसने ठार केलेले असते; त्या हेक्टरचा म्हातारा बाप, ट्रॉयचा राजा प्रायम, मुलाचे प्रेत मागायला रात्री शत्रूच्या तळावर येतो, अकिलीसचे गुडघे धरतो आणि आपल्या मुलांना मारणाऱ्या त्याच हातांचे चुंबन घेतो. दोघेही रडतात, प्रायम हेक्टरसाठी, अकिलीस कधी स्वतःच्या बापासाठी, तर कधी पॅट्रोक्लससाठी. मग तो आसनावरून उठतो आणि म्हाताऱ्याला हाताला धरून उठवतो. उठतो! वर्तमानपत्र बाजूला ठेवायला याहून जास्त बळ लागत होते का?

मान्य आहे, अकिलीस संत नव्हे. त्याने हेक्टरचे प्रेत रथामागे फरफटवले, पॅट्रोक्लसच्या चितेपाशी बारा ट्रोजन तरुण कापले. त्या रात्रीही तो प्रायमला बजावतो की, मला चिडवू नकोस. पण प्रेताला स्नान घालण्याचे काम तो मुद्दाम आडोशाला करवतो, कारण मुलाला पाहून बाप संतापला तर आपलाही तोल जाईल, हे त्याला ठाऊक असते. बाबांना स्वतःचा राग इतका ओळखू आला नाही. त्यांचा तरी काय दोष म्हणा, टाळ्या वाजवणारे गावभर होते.

अंत्यविधीसाठी किती दिवस हवेत, असे अकिलीस विचारतो, तेवढे दिवस युद्ध थांबवण्याचा शब्द देतो आणि भीती वाटू नये म्हणून म्हाताऱ्याचे मनगट धरतो.

ताईच्या लग्नाला आमच्या घरातून कोणीही गेले नाही. पत्रिका दोन दिवस ओट्यावर तशीच होती. तिसऱ्या दिवशी आजीने सुपारी कातरायला अडकित्ता उचलला.