प्रत्येक किडीला अळी नसते

शेतकऱ्यांच्या गटांवर एक संदेश पुन्हा पुन्हा फिरतो: "कोणतीही कीड अंडी, अळी, कोष, पतंग या चार अवस्थांतून जाते. पिकात अळी दिसली की अळीनाशक फवारा. अळी मेली की कीड संपली." याच्या भरवशावर केलेली फवारणी अनेकदा वाया जाते.

आधी चार अवस्थांचं पाहू. पतंग, भुंगेरे, माश्या यांच्याबाबत ते खरं आहे. याला पूर्ण रूपांतरण म्हणतात. मावा आणि तुडतुडे या रस शोषणाऱ्या बारीक किडींना ना अळी, ना कोष. हे अपूर्ण रूपांतरण. कपाशीवरच्या तुडतुड्याची मादी पानाच्या शिरेत अंडी खुपसते. बाहेर येणारं पिल्लू आईसारखंच दिसतं, फक्त पंख नसतात. पाचव्यांदा कात टाकली की ते उडू लागतं. पिल्लू आणि प्रौढ दोघंही रसच शोषतात. मावा आपल्याकडे बहुधा अंडीही घालत नाही. मादी नराविना थेट पिल्लं देते. बीटी कपाशीत, म्हणजे जिवाणूचं जनुक घातलेल्या वाणात, तयार होणारं विष ठरावीक अळ्यांच्या आतड्यावर काम करतं, त्यामुळे बीटी वाणावरही तुडतुडे येतातच.

कांद्यावरचे फुलकिडे तर दोन्हींच्या मधले. शास्त्रात त्यांचं रूपांतरण अपूर्ण गणलं जातं, तरी त्यांना कोषासारखी अवस्था असते. अंडी पातीच्या आत, पहिल्या दोन अवस्थांतली पिल्लं पातींच्या बेचक्यात खरवडत बसलेली, आणि पुढच्या दोन अवस्था काहीही न खाता बहुतेक मातीत. फवारा पातीवर पडतो. पातीच्या आतलं अंडं आणि मातीतला कोष दोन्ही वाचतात. काही दिवसांनी पुन्हा फुलकिडे दिसले की दोष औषधाला दिला जातो. त्यात पात मेणचट, म्हणून चिकटद्रव्य नसेल तर औषध घरंगळून जातं.

"अळी मेली की कीड संपली" हेही टिकत नाही. मक्यावरची लष्करी अळी एका पुंजक्यात 100 ते 200 अंडी घालणाऱ्या पतंगाची. अळीच्या सहा अवस्था होतात आणि सगळ्यात जास्त खाणं शेवटच्या अवस्थेत. तेव्हा ती पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या गुंडाळलेल्या कोवळ्या पानांत, विष्ठेच्या बुचाखाली असते, औषध पोचत नाही. लहान अळ्यांनी खरवडलेल्या पानांवर कागदासारखे पांढुरके चट्टे दिसतात तीच फवारणीची वेळ, आणि फवारा पोंग्यातच पडायला हवा. कोष तर मातीत 2 ते 8 सेंटिमीटर खोल असतो, तिथे फवारा पोचत नाही.

मातीत राहून मुळं खाणाऱ्या हुमणीत तर अळी ही उशिराची अवस्था. पहिल्या पावसानंतर संध्याकाळी भुंगेरे निघतात, कडुनिंब-बाभळीवर पाला खातात, मग मादी मातीत अंडी घालते. तेव्हाच फांद्या हलवून भुंगेरे गोळा करावेत आणि रॉकेलमिश्रित पाण्यात टाकावेत. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये उसाच्या मुळाशी सापडणारी तिसऱ्या अवस्थेतली जाड अळी औषधाला सहज दाद देत नाही.

आणि "अळी दिसली की फवारा" हा सल्ला सर्वांत घातक. माव्याच्या वसाहतीत फिरणारी, मगरीच्या आकाराची, काळपट अंगावर नारिंगी ठिपके असलेली अळी ढालकिड्याची असते. ती मावाच खाते. उसावरच्या लोकरी माव्यात जाळं करून राहणारी डिफा ही तर पतंगाचीच अळी, आणि तिचं अन्न ऊस नव्हे, लोकरी मावा. तिथे अळीनाशक मारलं तर डिफा मरते, मावा राहतो.