कॅज्युअल्टीतली मावशी सिरियलमधे कधी येणार?

परवा परत आमच्या फॅमिली ग्रुपवर वाजलं. कुठल्यातरी दवाखान्यात नातेवाईकांनी डॉक्टरला मारल्याचा व्हिडिओ कुणीतरी टाकला आणि नेहमीसारख्या दोन पार्ट्या पडल्या. माझा चुलत भाऊ रेसिडेंट डॉक्टर आहे, तो म्हणाला सलग दीड दिवस ड्युटी करून वर मार पण खायचा का आम्ही. त्यावर एका काकांनी लिहिलं की डिपॉझिट भरल्याशिवाय पेशंटला हात लावत नाहीत त्याचं काय. मग डॉक्टर म्हणजे देव, डॉक्टर म्हणजे लुटारू, असं रात्रभर चाललं. ऑगस्ट 2024 मधे कोलकात्याच्या आर जी कर हॉस्पिटलमधे त्या ट्रेनी डॉक्टर मुलीचा खून झाला तेव्हा पण ग्रुपवर असंच झालं होतं, चार दिवस सगळे हळहळले आणि पाचव्या दिवशी परत बिलावर आले.

मी इथं ब्रिटनमधे, वेल्सच्या कार्डिफमधे बसून सगळं वाचलं, शंभरेक मेसेज असतील. दोन्ही बाजूंचं मला पटत होतं, कारण भाऊ माझा आहे आणि काकांनी काकूच्या ऑपरेशनला प्लॉट विकलेला मी बघितलाय. पण एवढ्या मेसेजमधे एकाही जागी सिस्टर हा शब्द नव्हता. वॉर्डबॉय मामा नाही, साफसफाईची मावशी नाही, केसपेपरच्या खिडकीवरचा माणूस नाही. आपल्या डोक्यातल्या दवाखान्यात डॉक्टर आणि पेशंट एवढी दोनच माणसं राहतात, आणि मला वाटतंय की यातलं बरंचसं आपण टीव्हीवरनं उचललंय.

हे मला जास्त लागतं कारण मी स्वतः त्या न दिसणाऱ्यांपैकी आहे. मी इथल्या एका हॉस्पिटलमधे वॉर्ड क्लार्क आहे. कुठला बेड रिकामा झाला, कुणाचा रिपोर्ट आला नाही, कुणाला घरी सोडायला गाडी सांगायचीय, कुणाची मुलगी फोनवर रडतेय, हे सगळं माझ्या टेबलावर. सोलापूरला गेले की शेजारच्या काकू विचारतात, "हॉस्पिटलमधे आहेस म्हणे, डॉक्टर का नर्स?" दोन्ही नाही म्हटलं की पुढं काय विचारायचं हेच त्यांना कळत नाही. यात त्यांची चूक नाही, तसलं माणूस त्यांनी कुठल्या गोष्टीत बघितलेलंच नाही.

इथं बीबीसीवर एक सिरियल आहे, नावच कॅज्युअल्टी. आपल्याकडं सोलापुरात अजून कॅज्युअल्टीच म्हणतात, "कॅज्युअल्टीत घेतलंय त्यांना" असं, इथं मात्र त्या विभागाला आता ए अँड ई, म्हणजे ॲक्सिडेंट अँड इमर्जन्सी म्हणतात, जुना शब्द सिरियलच्या नावात तेवढा राहिलाय. 6 सप्टेंबर 1986 ला पहिला भाग आला आणि अजून चालू आहे. होल्बी नावाचं काल्पनिक शहर, तिथल्या हॉस्पिटलचा इमर्जन्सी विभाग, आधी शूटिंग ब्रिस्टॉलला व्हायचं, 2011 पासून आमच्या कार्डिफमधेच होतं. मी नवीन आले तेव्हा शेजारच्या आजींकडं शनिवारी संध्याकाळी जाऊन बघायचे, इंग्लिश कानावर पडावं म्हणून. आजींनी पहिल्या भागापासून बघितलेली आणि कोण कुणाचं कोण हे त्यांना घरच्यासारखं पाठ.

त्यांच्याकडनंच मला कळलं की सुरुवातीला यात मुख्य पात्रं दहा होती आणि दहात डॉक्टर फक्त दोन, इवर्ट प्लिमर आणि बॅझ. बाकी चार नर्स, त्यातले दोन पुरुष. अँब्युलन्सवरची दोन माणसं, एक रिसेप्शनिस्ट मुलगी सूझी, आणि एक पोर्टर, म्हणजे स्ट्रेचर ढकलणारा, आपला मामा, कुबा नावाचा पोलिश माणूस. आणि सगळ्यांचा कणा कोण तर चार्ली फेअरहेड, चार्ज नर्स, म्हणजे ड्युटीवरच्या नर्सांचा प्रमुख. डेरेक थॉम्पसन नावाच्या नटानं ते काम पहिल्या भागापासून मार्च 2024 पर्यंत केलं, 37 वर्षं! इतके डॉक्टर आले न गेले, चार्ली तिथंच. एक पुरुष नर्स हा एका देशाचा शनिवार रात्रीचा ओळखीचा चेहरा होऊन बसला, आणि आपल्याकडं अजून मुलानं नर्सिंगला ॲडमिशन घेतली तर घरचे लोक सांगताना आवाज बारीक करतात.

या सिरियलमधला एक भाग मी विसरू शकत नाही. जानेवारी 2021 मधे त्यांनी कोविडवरचा भाग दाखवला, त्यात जो माणूस कोविडनं जातो तो डॉक्टर नाही, रिसेप्शनवरचा नोएल आहे. वर्षानुवर्षं खिडकीत बसून लोकांची नावं लिहून घेणारा, सगळ्यांशी बोलणारा नोएल. मी त्या वेळी रोज मास्क लावून टेबलावर बसत होते. आजींच्या घरी जायला बंदी होती म्हणून फोन चालू ठेवून दोघींनी आपापल्या घरी बघितलं, आणि दोघी रडलो. आपल्यासारख्याच कामावरचा माणूस पडद्यावर जातोय आणि त्याच्यासाठी डॉक्टर लोक रडतायत, हे मी आयुष्यात पहिल्यांदा बघितलं.

अमेरिकन सिरियल द पिट पण असंच, 2025 मधे आली, एका भागात ड्युटीचा एक तास. त्यात तासन्‌तास वाट बघून वैतागलेला पेशंट ठोसा मारतो तो डॉक्टरला नाही, डेनाला, चार्ज नर्सला. ते काम करणाऱ्या कॅथरीन लनासाला त्याच वर्षी एमी मिळालं. ते बघून मला एकदम जाणवलं की आपल्या व्हिडिओत सुद्धा डॉक्टरच्या अंगावर जमाव जातो तेव्हा मधे उभी राहणारी सिस्टरच असते, बघा परत नीट, फक्त आपण तिला मोजत नाही.

आता आपल्याकडचं. दवाखान्यावरची हिंदी सिरियल संजीवनी 2002 मधे आली, शाळेतनं आल्यावर दप्तर टाकून बघायचो आम्ही, आणि 2007 ला दिल मिल गये, त्यातल्या अरमान-रिद्धिमासाठी आमच्या वर्गात भांडणं व्हायची. मला दोन्ही आवडायच्या आणि त्या बघून कितीतरी मुलं मेडिकलला गेली असतील. पण आठवून बघा, त्यात कुणाची सिस्टर लक्षात राहिली? मराठी सिरियलीत तर डॉक्टर ऑपरेशन थिएटरच्या दारात येऊन मान हलवण्यापुरता, नाहीतर हिरो नावाला डॉक्टर आणि गोष्ट सगळी सासू-सुनेची. 2021 च्या मुंबई डायरीजमधे जरा वेगळं दिसलं, कोंकणा सेन शर्माची चित्रा दास तिथं सोशल सर्व्हिसेस बघते, म्हणजे डॉक्टर सोडून पण कुणीतरी दवाखाना चालवतं हे तिथं आलं, पण ते हिंदीत आणि मुंबईचं.

चार वर्षांपूर्वी अप्पांना रात्री दम लागला म्हणून सोलापुरातल्या एका मोठ्या दवाखान्यात नेलं होतं, मी नेमकी सुट्टीवर आलेली. कॅज्युअल्टीत शेजारच्या खाटेवर एक म्हातारी बाई, पूर्व भागातली, विड्या वळून बोटं काळी पडलेली, पदर गच्च गुंडाळून पुढं वाकून बसलेली. सोबत दहा-बारा वर्षांची नात, ती नुसती रडत होती. रेसिडेंट पोरगा विदर्भाकडचा असावा, डोळे लाल, तो वाकून विचारत होता, "आजी, कुठे दुखते?" आजी म्हणाली, "गुंडे नोप्पी." त्यानं परत विचारलं, ती परत तेच. त्यानं ते "गुडघा" असं ऐकलं आणि साडी सरकवून गुडघा दाबून बघायला लागला. कोपऱ्यात फरशी पुसणाऱ्या मावशी होत्या, त्यांनी हातातलं फडकं बादलीत टाकलं आणि तिथनंच ओरडल्या, "गुडघा नव्हं ओ सर, काळीज म्हणायलीय ती, काळीज!" मग स्वतः येऊन आजीच्या पाठीवर हात ठेवून तेलुगूत काय काय विचारलं, कधीपासून, हातात कळ जाते का, घाम आला का, आणि त्या पोराला मराठीत सांगत गेल्या. पाच मिनिटांत ईसीजी लागला आणि आजीला वर हलवलं. मावशींनी परत फडकं पिळलं आणि पुसायला लागल्या.

त्या पोराला मी दोष देत नाही. त्याला तेलुगू कुठनं येणार, आणि त्या रात्री त्याच्यासमोर पंचवीस-तीस माणसं होती. पण सोलापूरचा दवाखाना म्हणजे काय आहे बघा. पद्मशाली विणकर घरातले तेलुगू बोलणार, अक्कलकोट साईडचे आणि इंडी, विजयपूरकडनं येणारे कानडी बोलणार, कुणी दखनी बोलणार, आणि डॉक्टर लातूर, नागपूर, नाशिक कुठनंही आलेला. मधला पूल ही मावशी. तिच्या पगारात कुणी दुभाषाचं काम धरलेलं नाही.

वेल्समधे याच गोष्टीला बॅज आहे. ज्याला वेल्श येतं त्याच्या युनिफॉर्मवर केशरी रंगाचा छोटा बॅज असतो, माझ्याशी वेल्शमधे बोला म्हणून. आमच्या वॉर्डला एक डिमेन्शियाच्या आजी होत्या, इंग्लिश पार विसरून लहानपणीच्या वेल्शवर आलेल्या, त्यांच्याकडं केशरी बॅजवाली हेल्थकेअर असिस्टंट मुद्दाम पाठवायचे. म्हणजे जे आमच्या मावशीनं फडकं टाकून केलं तेच काम, पण इथं लोकांना दिसतं आणि त्याला नाव आहे.

इथं सगळं गोड आहे असं मी म्हणत नाही. ए अँड ईत चार तासांत पेशंटचा निकाल लावायचं टार्गेट आहे आणि ते कित्येक वर्षांत गाठलेलं नाही, लोक रात्र रात्र खुर्चीवर काढतात, कॉरिडॉरमधे ट्रॉलीवर पडून असतात. माझ्या अंगावर पण एकानं फाइल फेकलीय. सरकारी दवाखान्यात एका रुपयाचं बिल येत नाही तरी इथं माणसं चिडतात, तेव्हा काकांनी सगळा राग बिलावर ढकलू नये आणि भावानं सगळा राग लोकांच्या अडाणीपणावर. इथं 2018 च्या कायद्यात इमर्जन्सी वर्कर म्हणून पेशंटसमोर काम करणारा पोर्टर सुद्धा धरलाय. आपल्या महाराष्ट्राच्या 2010 च्या कायद्यात पण डॉक्टरच्या बरोबरीनं नर्स आणि पॅरामेडिकल लोक आहेत. कायद्याला ही माणसं दिसतात पण आपल्याला दिसत नाहीत.

डॉ. कोटणीस आपले, भैय्या चौकात त्यांचं स्मारक आहे, 1938 ला चीनला गेले, 1942 ला तिथंच वारले, एवढं सोलापूरच्या पोरासोरांना पाठ असतं. पण ते तिथं जाऊन चिनी भाषा शिकले म्हणून पेशंटशी बोलू शकले, आणि त्यांनी लग्न केलं ती ग्वो छिंगलान नर्स होती, हे शाळेत आम्हाला कुणी सांगितलं नाही. गोष्टीतनं नर्स तेव्हाच गळली.

म्हणून माझी मराठी चॅनेलवाल्यांना मनापासून विनंती आहे, सोलापूरच्या कॅज्युअल्टीवर एक सिरियल करा. दहा पात्रं घ्या, डॉक्टर दोनच ठेवा. 108 चा ड्रायव्हर घ्या ज्याला ते लोक पायलट म्हणतात, केसपेपरच्या खिडकीवरचा माणूस घ्या, केरळची सिस्टर घ्या जी वीस वर्षांत कडक भाकरी शेंगाचटणी खाऊन पक्की सोलापूरकर झालीय, ब्रदर म्हणजे पुरुष नर्स घ्या, ईसीजीवाला घ्या, गेटवर नातेवाईकांच्या शिव्या खाणारा वॉचमन घ्या. झाडाखाली भाकरी सोडून बसलेले नातेवाईक पण घ्या, त्यांना कुणी काही सांगत नाही आणि राग तिथंच साठतो. आणि मावशीला पहिल्या भागापासून शेवटपर्यंत ठेवा, चार्लीसारखी. तिला चार भाषा बोलू द्या, खाली मराठीत अक्षरं टाका.

रात्री साडेआठला लावलीत तर इथं हिवाळ्यात दुपारचे तीन वाजलेले असतात, तेव्हा मी ड्युटीवर असते. पहिल्या भागाला रजा टाकीन, शेजारच्या आजींना पण बोलावीन, तेलुगू-कानडी आलं तर त्यांना मीच सांगीन.