खुलासा : त्या एकवीस तोफा नव्हत्याच

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी नौदलात असलेल्या आणि पुढे स्थापत्य अभियंता झालेल्या एका आजोबांच्या निधनाचा संदेश फिरतोय. ‘नौदलाने शिकवलं, एकवीस तोफांची सलामी देऊन निरोप दिला’, असा मजकूर आहे. दोन्ही गोष्टी चूक.

एकवीस तोफांची सलामी हा राष्ट्रप्रमुखांचा मान. माजी सैनिकाच्या दफनाला झडतात त्या रायफलींच्या तीन फैरी. पथकात बहुधा सात जण असतात. सात त्रिक एकवीस, तिथेच सगळा घोळ! शिवाय या फैरी प्रत्येकाला मिळतातच असं नाही. २००० सालापासून पात्र माजी सैनिकाला कायद्याने हक्काचं आहे ते एवढंच : गणवेशातले किमान दोघे, त्यातला एक त्याच्याच दलाचा, ‘टॅप्स’ ही बिगुलावरची निरोपाची धून, आणि घडी घालून घरच्यांच्या हाती सोपवलेला राष्ट्रध्वज. बिगूलवादक मिळाला नाही तर ध्वनिमुद्रित धूनही चालते. हे कुणी संदेशात लिहीत नाही म्हणा.

राहिला शिक्षणाचा मुद्दा. त्या पिढीतल्या लाखो सैनिकांची फी १९४४च्या ‘जीआय बिल’ कायद्याखाली भरली गेली, वर्षाला ५०० डॉलरपर्यंत. पैसे माजी सैनिकांसाठीच्या सरकारी खात्याचे होते, नौदलाचे नव्हेत.