पारदर्शक कारभार: नव्या सभापतींसाठी काही घरगुती उपाय

अभिनंदन! विषय समितीचं सभापतिपद मिळालं, दालनात नवा सोफा आला, दारावर पाटी लागली आणि पहिल्याच सत्कारात तुम्ही बोलून गेलात, 'माझा कारभार पारदर्शक राहील.' बोललात ते बोललात, घाबरू नका. पारदर्शकतेने जिल्हा परिषदेत आजवर कुणाचं फारसं वाकडं झालेलं नाही. पैसा दडवायला अंधार लागतो, हा नवशिक्यांचा समज आहे. खरा दडलेला पैसा नेहमी टेबलावर, फायलीत, पान क्रमांक घालून ठेवलेला असतो.

सुरुवात सेसपासून करा. सेस म्हणजे जिल्हा परिषदेचा स्वनिधी: जमीन महसुलावरचा उपकर, मुद्रांक शुल्कातला वाटा, ठेवींचं व्याज वगैरे. यातले 20 टक्के मागासवर्गीयांसाठी, 10 टक्के महिला व बालकल्याणासाठी, 5 टक्के दिव्यांगांसाठी राखून ठेवायचे असतात. हे टक्के कागदावरचे. दुसऱ्या प्रकारच्या टक्क्यांबद्दल इथे लिहीत नाही, ते गणित पक्कं झाल्याशिवाय कुणी सभापती होत नाही.

या राखीव निधीतून शिलाई मशीन, पिठाची गिरणी, सायकल अशा वस्तू देण्याची जुनी रीत आहे. पूर्वी वस्तू परिषदच खरेदी करायची आणि एकाच गोदामात सगळ्यांचं कल्याण व्हायचं. डिसेंबर 2016 च्या शासन निर्णयाने घोळ केला: आता लाभार्थी बाईने आधी स्वतः वस्तू घ्यायची, बिल जोडायचं, मग अनुदान थेट तिच्या बँक खात्यात. खचून जाऊ नका. योजना गरिबासाठी आहे आणि गरिबाकडे आधी खर्चायला पैसे नसतात, ही अट करणाऱ्यांनी तुमच्यासाठीच ठेवलेली फट आहे. तालुक्याच्या गावी एक दुकानदार हेरा. तो बिल उधारीवर देईल आणि बदल्यात बाईंची सही केलेली पैसे काढायची स्लिप ठेवून घेईल. गिरणीचा फोटो लागतोच, तेव्हा एक गिरणी टेम्पोत घालून गावभर फिरवा. फक्त दोन पथ्यं पाळा. गिरणीवरचा अनुक्रमांक फोटोत येऊ देऊ नका आणि मागचा पडदा प्रत्येक घरी बदला. पडद्यावरच्या मोरांनी दगा दिला तर सारवासारव करता करता नाकी नऊ येतात.

पण शिलाई मशीन म्हणजे चणे-फुटाणे. जेवण रस्त्यावर असतं.

ई-निविदा सक्तीची व्हायला रकमेची मर्यादा असते. ती वेळोवेळी बदलते, म्हणून ताजा शासन निर्णय दालनात फ्रेम करून लावा. मर्यादा 10 लाख असेल तर काम 9 लाख 98 हजारांचं करा. गावाला 300 मीटर रस्ता हवा असेल तर 'मारुती मंदिर ते पाण्याची टाकी', 'पाण्याची टाकी ते समाजमंदिर' आणि 'समाजमंदिर ते स्मशानभूमी' अशी तीन कामं. तुकडे पाडू नयेत असा नियम आहे खरा, पण मारुती आणि स्मशान एकाच कामात घालणं बरं दिसत नाही, असं कुणीही मान्य करील.

याहून वरची विद्या म्हणजे लेखाशीर्ष, म्हणजे खर्च कुठल्या खात्यावर टाकायचा तो क्रमांक. एकच रस्ता जिल्हा नियोजनाच्या 3054 मधून होऊ शकतो, ग्रामविकासच्या 2515 मधून होऊ शकतो आणि आमदार निधीतूनही होऊ शकतो. तिन्हींच्या फायली वेगळ्या, कपाटं वेगळी, लेखापरीक्षकही बहुधा वेगळे. 3054 मध्ये त्याला 'ग्रामीण मार्ग' म्हणा, 2515 मध्ये 'अंतर्गत रस्ता काँक्रिटीकरण' आणि तिसरीकडे 'वस्तीला जोडणारा पोहोच रस्ता'. रस्ता एकच, बारशी तीन. काम सुरू असल्याचा फलक लावावाच लागतो: कामाचं नाव, रक्कम, ठेकेदार, दोष दायित्व कालावधी. तो सकाळी लावा, फोटो काढा, संध्याकाळी पुढच्या गावी न्या.

आता जाडी. इथे जरा सावकाश वाचा, कारण सगळा कारभार याच पाच सेंटिमीटरवर उभा आहे. 100 मीटर लांब, 3 मीटर रुंद आणि 15 सेंटिमीटर जाड काँक्रीट म्हणजे 45 घनमीटर. लांबीला हात लावू नका, ती कुणीही पावलांनी मोजतो. रुंदीही नको, दोन बैलगाड्या समोरासमोर आल्या की ती सगळ्या गावाला कळते. जाडी मात्र जमिनीच्या आत असते. 15 ऐवजी 10 सेंटिमीटर केलीत की काँक्रीट 30 घनमीटर. घनमीटरला ढोबळ 8 गोणी सिमेंट धरलं तर 360 ऐवजी 240 गोण्या. 120 गोण्या वाचल्या, शिवाय त्या हिशेबाची खडी, वाळू आणि मजुरी. दोन्ही कडांना, जिथे माणूस वाकून बघतो, तिथे पूर्ण 15 सेंटिमीटर ठेवा आणि मध्ये मुरूम उचलून घ्या. कड बघून जाणारे अधिकारी समाधानाने चहा पितात.

मोजमाप पुस्तिकेत, म्हणजे एमबीत, शाखा अभियंता मोजमापं लिहितो आणि उपअभियंत्याने त्यातली काही जागेवर जाऊन तपासायची असतात. एमबीची पानं छापील क्रमांकाची असतात, फाडता येत नाहीत आणि खाडाखोड केली तर सही करावी लागते. म्हणून एमबी साइटवर नेऊच नये. ती कार्यालयात, पंख्याखाली, अंदाजपत्रक शेजारी ठेवून भरावी, म्हणजे आकडे हुबेहूब जुळतात. (अंदाजपत्रक आणि मोजमाप दशांश चिन्हापर्यंत तंतोतंत जुळणं, हे निसर्गात फक्त आपल्याकडेच आढळतं.) काँक्रीटचे ठोकळे 28 दिवसांनी प्रयोगशाळेत दाबून बघतात. ते वेगळ्या घमेल्यात, चांगलं सिमेंट घालून बनवा. ठोकळा प्रत्येक बाजूने 15 सेंटिमीटरचा लागतो, म्हणजे कुठेतरी तरी पूर्ण जाडी भरली याचं समाधान मिळतं.

सभेची काळजी करू नका. सर्वसाधारण सभा तीन महिन्यांतून एकदा होते. विषयपत्रिका आधी सदस्यांना जाते, त्यामुळे महत्त्वाचं काही तिच्यात घालू नका. त्यासाठी शेवटी 'अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय' असतात. ते दुपारी तीनच्या सुमारास घ्या, म्हणजे लांबच्या तालुक्याचे सदस्य एसटीकडे डोळे लावून बसलेले असतात. एक जण 'मंजूर' म्हणाला की बाकीचे टेबल वाजवतात. सभेत काय झालं ते इतिवृत्तात असतं आणि इतिवृत्त कायम होतं पुढच्या सभेत. तोवर बिल निघालेलं असतं.

हेही जड वाटत असेल तर मार्च 2022 नंतरचा काळ आठवा. बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली, निवडणुका लांबल्या आणि मुख्य कार्यकारी अधिकारीच प्रशासक झाले. प्रस्ताव सादर करणारे साहेब आणि सभेचे अधिकार वापरून तो मंजूर करणारे साहेब एकच. सूचक-अनुमोदकांत इतकं मतैक्य लोकशाहीत क्वचित बघायला मिळतं.

31 मार्चला उजळणी करावी लागते. राज्याकडून आलेला निधी जिल्हा परिषदेला पुढच्या वर्षाच्या मार्चअखेरपर्यंत खर्चता येतो. म्हणजे दोन वर्षांची मुदत. पहिले 23 महिने ती विसरा. शेवटच्या आठवड्यात प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, कार्यारंभ आदेश आणि पूर्णत्वाचा दाखला, असा क्रम जमेल तेवढा पाळा. तारखा मात्र एकदा तपासा. काम पूर्ण झाल्याचा दाखला कार्यारंभ आदेशाच्या आधीचा निघाला, तर लेखाविभागातला एखादा चष्मेवाला कारकून उगाच हसतो.

स्थानिक निधी लेखापरीक्षेचं पथक येईल. माणसं अभ्यासू असतात, त्यांचा अपमान करू नका. त्यांना हवेशीर खोली, भरपूर फायली आणि नको ती कपाटं द्या. ज्या फायलीत अडचण असेल ती 'चौकशीकामी वरिष्ठ कार्यालयाकडे' गेलेली असावी. वरिष्ठ कार्यालय ती तुमच्याकडेच असल्याचं सांगेल. मग अहवालात 'अभिलेख उपलब्ध करून दिला नाही' असा आक्षेप येतो. हा सगळ्यांत स्वस्त आक्षेप. चुकीचा कागद दाखवला तर रक्कम वसूलपात्र ठरते. कागदच नसेल तर नुसती आक्षेपाधीन राहते. आक्षेपाला अनुपालन पाठवा: 'सदर बाब तपासून पूर्तता करण्याची तजवीज ठेवण्यात येत आहे.' या वाक्यातली तजवीज पंधरा-पंधरा वर्षं ठेवता येते.

इथे एक बारकावा. सही करायला निवृत्तीच्या उंबरठ्यावरचा अभियंता निवडा. महाराष्ट्रातल्या 1982 च्या निवृत्तिवेतन नियमांतला नियम 27 पाठ करा. निवृत्तीनंतर विभागीय चौकशी सुरू करायची, तर घटना चार वर्षांपेक्षा जुनी असून चालत नाही. लेखापरीक्षण, अहवाल, अनुपालन, फेरअनुपालन यांत चार वर्षं जायला कुणाला मुद्दाम कष्ट घ्यावे लागत नाहीत.

विधिमंडळाची पंचायत राज समिती आली तर आदल्या आठवड्यात कार्यालयाला रंग द्या, अंगणवाडीतल्या वजनकाट्यात सेल घाला आणि दौरा ठरलेल्या रस्त्यांचे खड्डे बुजवा. ठरलेल्याच.

शेवटी तो अर्जदार. दहा रुपयांचा स्टँप लावून तो माहिती अधिकाराखाली माहिती मागेल. राज्याच्या नियमाप्रमाणे अर्ज 150 शब्दांत आणि एकाच विषयाचा हवा, तेव्हा आधी शब्द मोजा. 'रस्ता व गटार' लिहिलं असेल तर विषय दोन झाले. शब्द जुळलेच तर पाच दिवसांच्या आत अर्ज दुसऱ्या कार्यालयाकडे वर्ग करा, कायद्यात सोय आहे. तोही परत आला, तर लक्षात ठेवा: 30 दिवस उलटले तर माहिती फुकट द्यावी लागते. म्हणून 29व्या दिवशी शुल्काचं पत्र टपालात टाका. 4,800 पानं, पानाला 2 रुपये, एकूण 9,600. पत्र पाठवल्यापासून तो पैसे भरेपर्यंतचे दिवस मुदतीत धरत नाहीत. भरलेच पैसे, तर झेरॉक्स अशी द्या की रक्कम तेवढी काळी यावी. तो प्रथम अपिलात जाईल, तिथे 30 ते 45 दिवस आणि अपील ऐकणारे साहेब शेजारच्याच दालनात बसतात. दुसरं अपील राज्य माहिती आयोगाकडे. तिथली रांग बघून तो बहुतेक शेतीकडे वळतो. तरीही आयोगाने दंड केलाच तर दिवसाला 250, जास्तीत जास्त 25,000 आणि तोही तुमच्या नव्हे, माहिती अधिकाऱ्याच्या पगारातून.

एवढं सगळं सांभाळूनही एका गोष्टीचा भरवसा देता येत नाही. जलजीवन मिशनची पाइपलाइन. तुमच्या रस्त्यावर एखाद्या सकाळी जेसीबी येतो, आडवा चर मारतो आणि रस्त्याचं पोट उघडं पडतं: वर काँक्रीट, खाली मुरूम, मध्ये स्पष्ट रेघ. शाळेत निघालेलं एखादं पोर कंपासपेटीतली पट्टी काढून तिथेच उकिडवं बसतं. 150 शब्दांची अट त्याला लागू नाही आणि फी पण नाही. म्हणून चर त्याच दिवशी बुजवून घ्या. बुजवण्याचं अंदाजपत्रक वेगळं करता येतं.