किनाऱ्यावरची थडगी: सांगाडे वाचवले, पुढे काय?

किनाऱ्यावर खोदकाम करताना किंवा लाटांनी वाळू ओढून नेल्यावर प्रागैतिहासिक थडगं उघडं पडलं, तर घाई करावीच लागते. अशा बचाव उत्खननाला, म्हणजे जागा नष्ट होण्याआधी केलेल्या खोदाईला, माझा विरोध अजिबात नाही. एरवी आम्लयुक्त मातीत हाडं विरघळून जातात. जिथे माणसांनी शिंपले खाऊन ढीग लावले, तिथे मात्र शिंपल्यांतला चुना ती सांभाळतो. शिवाय हिमयुगानंतर समुद्र चढला आणि त्याआधीचे कितीतरी किनारे बुडाले. त्यामुळे जे हाती लागतं ते अनमोल असतं.

डेन्मार्कमधलं वेडबेक बघा. १९७५ मध्ये बांधकामाच्या निमित्ताने तिथे सुमारे सात हजार वर्षांपूर्वीची दफनभूमी सापडली. एका थडग्यात एक तरुण स्त्री होती आणि तिच्या शेजारी, हंसाच्या पंखावर निजवलेलं नवजात बाळ. बाळाजवळ गारगोटीचं पातं ठेवलेलं. कोणीतरी किती जपून निरोप दिला होता! यंत्राच्या एका फटकाऱ्यात हे सगळं गेलं असतं.

पण हाडं पेटीत भरली की काम संपलं, असं मानलं जातं, ते मला मान्य नाही. ऑस्ट्रेलियात ब्रॉडबीचला तर दफनभूमीची माती बागांसाठी उपसली जात होती. पुरातत्त्वज्ञ लैला हॅगलंड यांनी १९६५ ते ६८ या काळात तिथे उत्खनन केलं, म्हणून सुमारे दीडशे माणसांच्या अस्थी वाचल्या. त्या तिथल्या मूळ रहिवासी कोंबुमेरी लोकांच्या पूर्वजांच्या. पुन्हा मातीत जायला मात्र १९८८ साल उजाडलं. वीस वर्षं! इतका काळ स्वतःच्या आजी-आजोबांसाठी कोण थांबेल?

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात पोर्ट एंजल्सला २००३ मध्ये पुलाचे भाग बनवण्यासाठी गोदी बांधताना तिथल्या मूळ रहिवासी क्लालम जमातीचं त्सेव्हिट्झेन हे प्राचीन गाव आणि दफनभूमी सापडली. तीनशेहून अधिक थडगी निघाल्यावर, जमातीच्या आग्रहामुळे, कोट्यवधी डॉलर खर्चून झालेलं काम २००४ च्या अखेरीस राज्याने सोडून दिलं. उशीर झालाच, पण थांबता येतं हे तरी दिसलं.

म्हणून माझं म्हणणं आहे की परवानगीच्या कागदावरच तीन गोष्टी लिहिलेल्या हव्यात: वंशजांपैकी कोणाला विचारलं, अभ्यास किती वर्षांत संपणार आणि अस्थी शेवटी कुठे जाणार. खोदाईच्या खर्चातच पुढच्या जपणुकीचा आणि पुनर्दफनाचा खर्च धरा. वंशज सापडत नसतील, तरी बाकीच्या दोन प्रश्नांची उत्तरं द्यावीच लागतील.